गार असताना एका किकला चालू, गरम झाली की बंद: जुन्या मोटारसायकलचं हे दुखणं कसं शोधायचं

गाडी गार असताना एका किकला चालू होते. ठोके नीट पडतात, पिकअपही बरा असतो. दहा-पंधरा किलोमीटर झाले की ओढ कमी होते, नाहीतर कुणी बटण दाबावं तशी एकदम बंद पडते. मग कितीही किका मारा, इंजिन दाद देत नाही. अर्धा तास सावलीत उभी केली की जणू काही झालंच नाही अशी पुन्हा चालू होते, आणि जवळपास तेवढ्याच अंतरावर पुन्हा बंद पडते.

घरी जुन्या गाड्या उभ्या करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे कधी ना कधी येतं. माझ्या स्वतःच्या दोन गाड्यांवर आणि मित्रांच्या बऱ्याच गाड्यांवर मी हा बिघाड काढला आहे. रोग एकच दिसतो, पण कारणं किमान दहा आहेत. वेळ वाया जाण्याचं मुख्य कारण म्हणजे आपण गाडी ढकलत घरी आणतो, ती गार होते आणि मग आपण तपासायला बसतो. गार इंजिनावर सगळं ठीकच दिसतं. करंट येतो, पेट्रोल येतं, कॉम्प्रेशन असतं. मग अंदाजाने कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी हजारो व्होल्ट बनवणारी) बदलली जाते, कार्बोरेटर खोलला जातो आणि पुढच्या फेरीला गाडी पुन्हा रस्त्यात उभी राहते. हा बिघाड गाडी गरम असतानाच पकडावा लागतो, आणि त्यासाठी हाताशी दोन-तीन मिनिटंच असतात.

आधी आवाज ऐका, मग पाना उचला

गाडी कशी बंद पडते यावरून निम्मं निदान होतं. पुढच्या वेळी बंद पडत असताना यापैकी काय होतं ते नीट लक्षात ठेवा.

- ओढ हळूहळू कमी होते, गाडी गुटमळते, थ्रॉटल दिला की आणखी मरते आणि सोडला की जरा सावरते. पेट्रोल पोहोचत नाही. त्याच क्षणी चोक ओढून पाहा. चोक ओढल्यावर पन्नास-शंभर मीटर का होईना गाडीने जीव धरला, तर शोध टाकी ते कार्बोरेटर एवढ्या वाटेवरच ठेवा.
- एकदम बंद, आधी कसलीही सूचना नाही. वीज तुटली. वायर, स्विच, कॉइल.
- आधी मिसिंग, सायलेन्सरमध्ये फटाके, मिसिंग वाढत वाढत बंद. बहुतेक वेळा पॉइंट (कॉइलचा करंट ठोक्याला तोडणारा छोटा स्विच) किंवा त्याला जोडलेला कंडेन्सर.
- जोर कमी होत जातो, बंद पडल्यावर किक नेहमीपेक्षा हलकी लागते. कॉम्प्रेशन जातंय. फोर-स्ट्रोक असेल तर टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलून उघडणारा भाग) आणि व्हॉल्व्ह पाहा.
- जोर कमी होतो आणि कुणीतरी मागून धरल्यासारखी गाडी जड होते. ताबडतोब क्लच दाबा. पिस्टन सिलिंडरला धरतोय. बंद पडल्यावर किक जड लागली किंवा हललीच नाही, तर पुढचं काहीही करू नका. शेवटचा भाग वाचा.

बरोबर काय ठेवायचं

मुद्दाम बिघाड घडवायला निघताना माझ्या खिशात एवढंच असतं: प्लग पाना, चालू गाडीवर तपासलेला एक जादा प्लग, दोन्ही टोकांना चिमटे असलेली हातभर वायर, छोटा स्क्रूड्रायव्हर, जाड हातमोजा आणि स्वच्छ फडकं. घराभोवतीच फेऱ्या मारा, म्हणजे बंद पडल्यावर ढकलत आणता येईल. सोबत कुणी असेल तर उत्तम. एकाने किक मारायची, दुसऱ्याने करंट बघायचा.

पहिली तपासणी: टाकीचं झाकण

गाडी बंद पडली की सगळ्यात आधी टाकीचं झाकण उघडा आणि कान जवळ ठेवा. आत हवा ओढली गेल्याचा ‘सुस्स’ असा आवाज आला आणि झाकण सैल ठेवून मिनिटभरात गाडी चालू झाली, तर बिघाड सापडला.

जुन्या गाडीत पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली येतं, पंप नसतो. जेवढं पेट्रोल खाली जातं तेवढी हवा झाकणातल्या बारीक भोकातून आत यावी लागते. भोक बुजलं की टाकीत पोकळी तयार होते. टाकीतल्या पेट्रोलची उंची फार तर वीतभर असते, म्हणून अगदी थोडी पोकळीही प्रवाह अडवायला पुरते. गाडी उभी राहिली की गास्केटच्या फटीतून हवा हळूहळू आत शिरते, पोकळी भरते आणि गाडी चालू होते. इंजिन गार व्हायलाही तेवढाच वेळ लागतो, म्हणून आपण दोष उष्णतेला देतो. टाकी काठोकाठ भरल्यावर गाडी लवकर बंद पडते आणि अर्ध्यावर असताना जास्त चालते, असं होत असेल तर संशय पक्का करा. भरलेल्या टाकीत वरची हवेची जागा कमी असते, त्यामुळे पोकळी लवकर तयार होते.

रिस्टोअर केलेल्या गाड्यांत हे फार वेळा सापडतं. नवीन क्रोमच्या झाकणाला कधी भोकच पाडलेलं नसतं, कधी नवीन जाड रबरी गास्केट नेमकं त्या भोकावर बसतं, कधी पॉलिशची पेस्ट आत सुकलेली असते. माझ्या पहिल्या गाडीवर मी दोन कॉइल, एक कंडेन्सर आणि सबंध पावसाळा घालवला, आणि शेवटी गास्केटला पंचने एक भोक पाडल्यावर ती गाडी सुधारली. तेव्हापासून झाकण पहिलं. झाकण तोंडाला लावून फुंकून पाहा. फुंकर आरपार गेली पाहिजे.

पेट्रोलची वाट

झाकण निर्दोष निघालं तर कार्बोरेटरपाशी नळी काढा आणि काचेच्या बरणीत पेट्रोल सोडा. हे इंजिन गार असताना, मोकळ्या हवेत, आजूबाजूला कसलीही आग, विडी-सिगारेट किंवा चालू स्विच नसताना करायचं. झाकण बंद ठेवून पूर्ण दोन मिनिटं धार बघा. पहिले दहा सेकंद धार जोरात येते आणि मग बारीक होते, हाच तो दोष असतो. दहा सेकंद बघून नळी परत लावणाऱ्याला तो दिसत नाही.

किती धार पुरेशी? साधा हिशेब आहे. लिटरला ३० किलोमीटर देणारी गाडी ताशी ६० च्या वेगाने तासाला २ लिटर पिते, म्हणजे मिनिटाला साधारण ३३ मिलिलिटर. कॉकमधून मिनिटाला १५० मिलिलिटर सलग येत असेल तर पेट्रोल पुरवठ्याची काळजी सोडा. ५०-६० वर आलं तर चढाला गाडी उपाशी राहणार.

धार कमी असेल तर टाकीखालचा पेट्रोल कॉक खोला. आत उभी जाळी असते, तिच्यावर गंजाची तांबडी पूड आणि शेवाळासारखा थर दिसेल. रिझर्व्हवर टाकल्यावर गाडी बरी चालत असेल, तर मेनच्या नळीची वाट बुजलेली आहे. टाकीला आतून एपॉक्सीचं अस्तर लावलेलं असेल तर बरणीत पापुद्रे येतात का पाहा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने अस्तर सुटल्याचं मी पाहिलं आहे. पापुद्रा कॉकच्या तोंडावर येऊन बसतो आणि इंजिन बंद झाल्यावर ओढ संपली की बाजूला तरंगतो. इथेनॉल जुन्या रबरालाही मानवत नाही. बाहेरून चांगली दिसणारी नळी आतून फुगलेली असू शकते, म्हणून जुनी नळी न तपासता सरळ बदला.

मध्ये कागदी फिल्टर लावलेला असेल तर तो काढून एक फेरी मारा. पंपाच्या गाडीसाठी बनलेला फिल्टर नुसत्या वजनाने वाहणाऱ्या पेट्रोलला बराच अडवतो, आणि सिलिंडरजवळ आडवा टांगलेला असेल तर त्यात वाफेचा बुडबुडा अडकतो. नळी सिलिंडरच्या पंख्यांना (फिन्सना) टेकत असेल तर तिची वाट बदला. वाफेचा संशय असेल तर बंद पडल्यावर नळीवर आणि कार्बोरेटरच्या वाटीवर ओलं फडकं गुंडाळा. दोन मिनिटांत चालू झाली तर उत्तर मिळालं. तापलेल्या सिलिंडरवर मात्र पाणी ओतू नका, ओतीव धातूला तडा जातो. कार्बोरेटर आणि हेडच्या मधला बेकेलाइटचा जाड तुकडा इंजिनाची उष्णता अडवण्यासाठी असतो. रिस्टोरेशनमध्ये तो हरवला आणि नुसतं कागदी गास्केट लावलं, असं बऱ्याचदा होतं.

शेवटी वाटी उघडा, तळाचा गाळ पुसा, मेन जेट काढून उजेडाकडे धरून पाहा. जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग एक नवीनच दुखणं सुरू होतं.

प्लग, कॅप आणि जाड वायर

आता करंट. गाडी बंद पडल्याबरोबर इंजिनात बसलेला प्लग काढायची घाई करू नका. अॅल्युमिनियमच्या तापलेल्या हेडमधून प्लग जबरदस्तीने काढला की आटे सोबत येतात. त्याऐवजी प्लगवरची कॅप काढून खिशातला जादा प्लग तिच्यात घाला, त्याची धातूची बाजू सिलिंडरच्या पंख्याला घट्ट टेकवा, हातमोजा घाला आणि किक मारा. जुना प्लग भोकात बसलेलाच असल्याने पेट्रोलची वाफ बाहेर येऊन ठिणगीवर पेटण्याचा धोकाही टळतो.

ठिणगी निळी, जाड आणि टकटक आवाज करणारी असेल तर वीज सहसा ठीक आहे. पिवळट, केसासारखी बारीक, एका किकला येते आणि दुसऱ्या किकला नाही, अशी असेल तर ती सिलिंडरच्या दाबाखाली टिकत नाही. उघड्या हवेत ठिणगी उडणं सोपं, दाबलेल्या मिश्रणात अवघड. त्यामुळे ‘करंट येतोय की’ एवढ्यावर समाधान मानू नका.

ठिणगी उत्तम असेल तर तोच जादा प्लग इंजिनात बसवून पाहा, पण हेडला हात लावता येईल इतपत ते निवल्यावर. प्लगच्या आतल्या चिनीमातीला गेलेला तडा डोळ्यांना दिसत नाही, तापल्यावरच तो करंट गिळतो. पॉइंटच्या गाड्यांना प्लगची फट साधारण ०.५ ते ०.६ मिलिमीटर असते.

कॅप आणि कॉइलपासून तिच्यापर्यंत येणारी जाड वायर दोन्ही संशयित. कॅपच्या आत बहुतेक वेळा ५ हजार ओहमचा रेझिस्टर असतो आणि जुन्या कॅपमध्ये तो तापून वाढत जातो. मल्टिमीटरवर २०-३० हजार ओहम दाखवणारी कॅप फेकून द्या. वायरचं टोक कॅपच्या स्क्रूत बसतं. तांब्याच्या तारा हिरव्या पडल्या असतील तर टोक बोटभर कापून पुन्हा बसवा. अंधारात गाडी चालू करून वायरकडे बघा. निळसर ठिणग्या सरपटताना दिसल्या तर वायर गेली.

वायरिंग, अर्थ आणि बॅटरी

रिस्टोअर केलेल्या गाडीला हा भाग सगळ्यात जास्त लागू पडतो. पावडर कोटिंग दिसायला देखणं, पण ते विजेला अडवतं. कॉइलचा ब्रॅकेट, अर्थची वायर, इंजिनाचे बोल्ट, सगळे आता रंगावर बसलेले असतात आणि आटे खरवडून कसाबसा मिळालेला अर्थ हादऱ्यांनी व उष्णतेने सुटतो. प्रत्येक अर्थच्या जागी नखाएवढा भाग घासून चकचकीत धातू काढा आणि वर थोडं ग्रीस लावा. इंजिन ते बॅटरी अशी एक वेगळी जाड अर्थ वायर टाका. हे एवढंच करून मी तीन गाड्या कायमच्या बऱ्या केल्या आहेत.

इग्निशन स्विचचा संशय असेल तर चिमट्यांची वायर कामी येते. बॅटरी इग्निशनची गाडी बंद पडल्यावर बॅटरीच्या जिवंत टोकापासून कॉइलच्या पुरवठ्याच्या टोकापर्यंत वायर जोडा. गाडी चालू झाली तर दोष स्विच, किल बटण किंवा मधल्या वायरचा. आपल्या गाडीचा अर्थ प्लसला आहे की मायनसला, हे आधी बघा. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लस अर्थ असतो. मॅग्नेटोच्या (बॅटरीशिवाय स्वतःच ठिणगीची वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) गाडीला मात्र बॅटरीची वायर चुकूनही जोडू नका. तिथे फक्त किल वायर (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) मॅग्नेटोपासून सोडवायची आणि किक मारून पाहायची.

बॅटरीचा एक प्रकार हुबेहूब उष्णतेसारखा दिसतो आणि अनुभवी माणसालाही चकवतो. चार्जिंग बंद असतं. गाडी फक्त बॅटरीवर धावते, अर्ध्या-पाऊण तासात बॅटरी उतरते आणि करंट जातो. उभी राहिली की बॅटरी थोडी सावरते आणि गाडी चालू होते. ओळखायचं कसं? बंद पडल्याबरोबर हॉर्न दाबा. आवाज घोगरा आला तर मल्टिमीटर घ्या. पूर्ण भरलेली ६ व्होल्टची बॅटरी इंजिन बंद असताना ६.३ च्या आसपास दाखवते, १२ व्होल्टची १२.६. गाडी चालू असताना वेग वाढवल्यावर १२ व्होल्टच्या सिस्टीमला १४ च्या आसपास, ६ व्होल्टला ७ च्या आसपास दिसायला हवं. आकडा हलतच नसेल तर दुखणं चार्जिंगचं आहे, इंजिनाच्या उष्णतेशी त्याचा संबंध नाही.

पॉइंट आणि कंडेन्सर

पॉइंटचं झाकण काढा. फट फीलर गेजने मोजा. बऱ्याच जुन्या गाड्यांना ती ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असते, पण शेवटचा शब्द तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा. पॉइंटची टाच कॅमवर घासते आणि झिजते. टाच झिजली की फट कमी होते आणि पॉइंट उशिरा उघडल्याने टायमिंगही मागे जातं. मागे गेलेल्या टायमिंगने इंजिन अवाजवी तापतं, म्हणून फट आधी नीट करून मगच बाकीचं बघा. कॅमला ग्रीसचा अगदी हलका हात हवा. जास्त लावलं तर तेच उडून पॉइंटवर बसतं.

पॉइंटच्या तोंडावर तेलाची झिलई दिसली तर मागचं ऑइल सील गळतंय. गार असताना तेल घट्ट असतं, गरम झाल्यावर पातळ होऊन आत येतं, त्यामुळे हाही बिघाड गरम झाल्यावरच दिसतो. नवीन पॉइंटवर कारखान्यातला गंजरोधक थर असतो, तो पेट्रोलच्या फडक्याने पुसल्याशिवाय बसवू नका. पॉलिश पेपरने फार घासूही नका. कोरा जाड कागद पॉइंटमध्ये धरून दोनदा ओढला की पुरतं.

आता कंडेन्सर. पॉइंट उघडतात तेव्हा कॉइलमधून वाहणारा करंट फटीवरून उडी मारायला बघतो. कंडेन्सर तो क्षणभर स्वतःत सामावून घेतो, त्यामुळे कॉइलचं चुंबकीय क्षेत्र झटकन कोसळतं आणि दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट तयार होतात. कंडेन्सर कमकुवत झाला की करंट फटीवरच ठिणगी बनून वाया जातो आणि प्लगपर्यंत काहीच पोहोचत नाही. त्याच्या आत धातूच्या पट्ट्या आणि कागदासारखं पातळ आवरण असतं. हे आवरण वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कमजोर होतं, तापलं की गळतं आणि गार झालं की पुन्हा धरतं.

बघायला अगदी सोपं आहे. संध्याकाळी अंधार पडल्यावर, तापलेली गाडी चालू असताना पॉइंटकडे बघा. अधूनमधून एखादी बारीक निळी ठिणगी दिसली तर चालेल. सतत चटचट करणारी, पिवळी-पांढरी, टपोरी ठिणगी दिसली तर कंडेन्सर गेला. पॉइंटच्या एका तोंडावर टेंगूळ आणि दुसऱ्यावर खड्डा झाला असेल तर तीही त्याच कहाणीची खूण.

मल्टिमीटरने मोजलात तर चांगला कंडेन्सर साधारण ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरड दाखवतो. पण मीटर त्याला गार आणि कमी व्होल्टेजवर तपासतो, त्यामुळे मीटरवर पास झालेला कंडेन्सर रस्त्यावर नापास होऊ शकतो. खात्रीचा उपाय अदलाबदलीचा. जुन्या कंडेन्सरची वायर सोडवा, हे महत्त्वाचं, कारण तो आतून शॉर्ट असेल तर जोडलेला राहून सगळा करंट जमिनीत घालवेल. चालू गाडीवर तपासलेला दुसरा कंडेन्सर बाहेरून जोडा: वायर पॉइंटच्या टोकाला, अंग इंजिनाला. मग फेरी मारा. डबीतून काढलेला नवा कंडेन्सर चांगलाच असतो असं धरून चालू नका. मला नवे कोरे दोन लागोपाठ खराब मिळाले आहेत.

घरी मॉडिफिकेशन करायचंच असेल तर मी आधी हेच सुचवेन. कंडेन्सर इंजिनावरून काढून टाकीखाली कॉइलशेजारी बसवा. विजेच्या दृष्टीने तो पॉइंटच्या त्याच वायरवर असतो, फक्त उष्णतेपासून दूर. अंग मात्र स्वच्छ अर्थवर बसलं पाहिजे. माझ्या गाडीवर ही सोय केल्यापासून कंडेन्सर बदलावा लागलेला नाही.

कॉइल

बहुतेक लोक कॉइलपासून सुरुवात करतात, मी तिला इतकं मागे ठेवतो, कारण दर वेळी दोषी तीच असते असं नाही आणि वरच्या बऱ्याच गोष्टी फुकटात तपासून होतात.

१२ व्होल्टच्या कॉइलची प्राथमिक गुंडाळी साधारण ३ ते ५ ओहम दाखवते, ६ व्होल्टची १ ते २. दुसरी गुंडाळी हजारांत असते. गार कॉइल मोजा, आकडा लिहून ठेवा. मग कॉइल गाडीवरून काढून हेअर ड्रायरने दहा-पंधरा मिनिटं तापवा आणि पुन्हा मोजा. आकडा थोडा वाढणारच. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ६० अंश तापल्यावर पाव हिस्सा वाढ नैसर्गिक आहे. पण आकडा एकदम ‘ओपन’ झाला, उड्या मारायला लागला किंवा खाली घसरला, तर आतली तार तुटलेली आहे किंवा आवरण गेलेलं आहे. तापलेली कॉइल लगेच गाडीला जोडून ठिणगी पाहिली तर आणखी पक्कं कळतं.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल तर जाड वायर कधीही मोकळी ठेवून किक मारू नका, मॉड्यूल जळतं. प्लग नेहमी अर्थला टेकलेला हवा.

टॅपेट

किक हलकी लागत असेल तर हा भाग आधी करा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून लांब होतो. टॅपेटची फट कमी असेल तर तो पूर्ण बसत नाही, दाब निसटतो आणि इंजिन मरतं. गार झाला की आखडतो, बसतो आणि कॉम्प्रेशन परत येतं. हेड नवीन ग्राइंड केलेल्या गाड्यांत हे हमखास होतं, कारण व्हॉल्व्ह सीटमध्ये आणखी खोल बसू लागतो आणि फट आपोआप कमी होत जाते. रिबिल्ट इंजिनाचे टॅपेट पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये दोनदा तरी तपासा.

सेटिंग इंजिन पूर्ण गार असताना, म्हणजे रात्रभर उभी राहिल्यावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून करायचं. काही जुन्या पुशरॉड इंजिनांत फट शून्य ठेवतात: पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली खेळता कामा नये. टॅपेटच्या आवाजाला घाबरून घट्ट करू नका. किंचित वाजणारा टॅपेट निरुपद्रवी, घट्ट टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो.

टू-स्ट्रोक असेल तर

व्हॉल्व्ह नाहीत, पण क्रँकची ऑइल सील आहेत. मॅग्नेटोच्या बाजूचं सील गेलं की इंजिन तिथून हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं, आयडल कारण नसताना वाढतो, थ्रॉटल सोडल्यावर आवाज पटकन खाली येत नाही आणि प्लग पांढरा पडतो. अशी गाडी ‘थोडी गरम होते’ म्हणून चालवत राहाल तर पिस्टन धरणार. गिअरबॉक्सच्या बाजूचं सील गेलं तर गिअर ऑइल जळून दाट धूर येतो. कार्बोरेटर आणि इंजिनामधल्या रबराला तडा गेला तरी लक्षणं मॅग्नेटोच्या बाजूचं सील गेल्यासारखीच दिसतात. आयडलवर त्या सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर हवा तिथून शिरतेय. सायलेन्सरचा बॅफल कार्बनने बुजला असेल तरही गाडी तापून ओढ सोडते, तो काढून साफ करणं घरचं काम आहे.

मोकळा एअर फिल्टर किंवा मोकळा सायलेन्सर लावला आणि जेट तोच ठेवला, तर टू-स्ट्रोक काय आणि फोर-स्ट्रोक काय, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. असा बदल केल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल तर आधी मूळ फिल्टर-सायलेन्सर परत लावून एक फेरी मारा.

इथे हात थांबवा

किक जड लागली किंवा अडकली तर इंजिन जबरदस्तीने फिरवू नका, गिअरमध्ये टाकून ढकलूही नका. पिस्टनने सिलिंडरला धरलं असेल तर प्रत्येक फेरीला ओरखडा खोल जातो. सिलिंडर उतरवणं, मोजणं आणि बोअर करणं हे मोजमापाची साधनं असलेल्या माणसाचं काम.

मॅग्नेटोच्या गाडीत स्लिप रिंग फडक्याने पुसणं, कार्बनचे ब्रश आणि त्यांच्या स्प्रिंगा बघणं, पॉइंट साफ करणं एवढं घरी करा. त्यानंतरही ठिणगी गरम असताना जात असेल तर आर्मेचर (मॅग्नेटोतला गुंडाळ्यांचा फिरणारा भाग) खोलू नका. जुन्या गुंडाळ्यांवर लाखेचं आवरण असतं, ते उष्णतेने मऊ होतं, आणि कंडेन्सर आर्मेचरच्या पोटातच असतो. शिवाय काही जुन्या मॅग्नेटोंत आर्मेचर नुसतं बाहेर काढलं तरी चुंबकाची ताकद कमी होते. हे मॅग्नेटो भरणाऱ्या कारागिराकडेच गेलं पाहिजे.

क्रँकची सील बदलायला बऱ्याच इंजिनांत क्रँककेस खोलून दोन भाग वेगळे करावे लागतात. फ्लायव्हील पुलरशिवाय हातोडीने काढायचा प्रयत्न करू नका, क्रँक वाकतो. टॅपेट नीट करूनही गरम असताना कॉम्प्रेशन जात असेल तर व्हॉल्व्ह, सीट आणि गाइड मशीनवर जायला हवेत. प्लगचे आटे गेले असतील तर त्यात नवा प्लग कोंबू नका, आटे बसवून घ्या. आणि टाकी गळत असेल तर घरी वेल्डिंग अजिबात नको. रिकामी दिसणारी टाकीही वाफेने भरलेली असते आणि तिचा स्फोट होतो.

मेकॅनिककडे गाडी देताना ‘गरम झाली की बंद पडते’ एवढंच सांगू नका. किती किलोमीटरवर बंद पडते, चोक ओढल्यावर काय होतं, झाकण उघडल्यावर काय झालं, बंद पडल्यावर ठिणगी कोणत्या रंगाची होती, किक हलकी होती की जड, आणि तुम्ही काय काय बदललं, हे एका कागदावर लिहून द्या. आणि गाडी त्याच्यासमोर गरम करून बंद पाडून दाखवा.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर पूर्वी बंद पडायची त्याच्या दुप्पट अंतराची फेरी मारा. मी अशा तीन फेऱ्या वेगवेगळ्या दिवशी, त्यातली एक भर दुपारच्या उन्हात आणि एक टाकी काठोकाठ भरून, झाल्याशिवाय बिघाड गेला असं मानत नाही.